पान सत्तेचाळीसवरचे अध्यक्ष

आमच्या खोलीला खिडकी आहे. ती उघडून हात लांब केला की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागते. दारही आहे, पण ते आतून नीट लावलं तर अडकतं. मग जमिनीवर चप्पल आपटायची. खालच्या दुकानातून कोणीतरी वर येतो, बाहेरून लाथ घालतो आणि आमची सुटका होते. अशा या खोलीत, त्या खिडकीला टेकून भाऊचं टेबल आहे, आणि गेली बारा वर्षं देशाचा सगळा कारभार तिथून चालतो.

भाऊ दर महिन्याला चालू घडामोडींची पुस्तिका लिहितो. स्पर्धा परीक्षा देणारी पोरं ती घेतात. कोण कुठल्या पदावर बसलं, कोण उठलं, कोणाला कसला सन्मान मिळाला, कुठली समिती कशासाठी नेमली आणि तिचे अध्यक्ष कोण, हे सगळं अठ्ठेचाळीस पानांत. त्यामुळे अभ्यासिकेत त्याला चालूभाऊ म्हणतात. एवढं चुकीचं नाव मी दुसऱ्या कुणाला पडलेलं पाहिलं नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजाऱ्याचा कागद दिसू नये म्हणून तीन तास मान वाकडी करून बसणारा आणि मग आठवडाभर मानेला पट्टा लावून फिरणारा हा माणूस.

बारा वर्षांपूर्वी तोही परीक्षा द्यायलाच आला होता. पुस्तिकेचं काम दोन महिन्यांपुरतं धरलं. अभ्यासाचा अभ्यास होईल, म्हणाला. झालाही. चालू घडामोडींत त्याला दरवर्षी पैकीच्या पैकी, आणि बाकीचे विषय वाचायला वेळ नसल्यामुळे दरवर्षी काठावरून परत. आता वयाची मर्यादा संपत आली होती. यंदाची वेळ शेवटची.

टेबलामागच्या भिंतीवर दोनशे बारा चिठ्ठ्या आहेत. एक चिठ्ठी म्हणजे एक पद, आणि टाचणीखाली माणसाचं नाव. मंत्र्यानं राजीनामा दिला की कोणी हळहळतं, कोणी पेढे वाटल्यासारखं तोंड करतं. भाऊ फक्त टाचणी काढतो. पुस्तिका पाच तारखेला बाजारात यायलाच हवी. म्हणजे महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत देशात कोणी शिंकलं तरी याची पानं बदलणार. एकदा एक ज्येष्ठ, खरोखर मोठा माणूस गेल्याची बातमी आली, तर भाऊच्या तोंडून निघून गेलं, "एकतीस तारखेला? एक दिवस थांबता आलं नाही?" मग स्वतःलाच इतका लाजला की दिवसभर बोलला नाही. बहिणीच्या लग्नात तो एकाच फोटोत आहे आणि त्यातही फोन कानाला आहे. त्या दिवशी लष्करप्रमुख बदलले होते.

"भाऊ, सुट्टी घे की चार दिवस," मी म्हणायचो.

"देश घेतो का?"

आता खुणेबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथून झालं.

खालचं दुकान आणि पुस्तिका, दोन्ही मालकांची. पलीकडच्या गल्लीतला दुसरा प्रकाशक आमची पुस्तिका जशीच्या तशी उचलायचा, नुसतं मुखपृष्ठ बदलायचा. त्याला पकडायला मालकांनी युक्ती काढली. दर अंकात एक नोंद खोटी टाकायची. शेवटून दुसऱ्या पानावर, पान सत्तेचाळीसवर, 'इतर नियुक्त्या' नावाची चौकट असते. तिथून आजवर एकही प्रश्न आलेला नाही. ती चौकट वाचणारा माणूसही आम्ही पाहिलेला नाही. त्या चौकटीत एक न झालेली नियुक्ती घालायची. यालाच खूण म्हणायचं. पुढच्या अंकात बारीक अक्षरांत दुरुस्ती छापायची, 'असे कोणी नाहीत, वाचकांनी नाव खोडावे', आणि मालकांच्या खणातल्या वहीत दोन्हींची नोंद करायची.

नाव मात्र खरं वाटलं पाहिजे, म्हणून भाऊ ओळखीपाळखीतली नावं वापरायचा. त्याच्या शाळेचे कवायतीचे मास्तर एक महिना राजदूत होते. न्हावी समुद्रतळ मापन मंडळावर होता. पुढच्या महिन्यात दोघांना खोडलं. दोघांनाही शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊचे वडील निवृत्त झाले. ते मालधक्क्यावर वजनकाट्याचे कारकून. गाडी काट्यावर चढवायची, वजन घ्यायचं, पावती फाडायची. एकतीस वर्षं. प्रत्येक गाडीआधी काटा शून्यावर आहे की नाही ते बघायचं, ही त्यांची सवय. घरातला तराजूसुद्धा ते नुसता येता-जाता शून्यावर आणायचे. त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम अकरा मिनिटं चालला. साहेबांनी त्यांना छत्री दिली. भाऊ कार्यक्रमाला जाऊ शकला नाही. त्याच आठवड्यात मंत्रिमंडळात फेरबदल झाला होता आणि पान तीन ते एकोणीस नव्यानं लिहायची होती.

त्या महिन्याच्या खुणेत भाऊनं 'राष्ट्रीय वजनकाटे फेरतपासणी समिती' स्थापन केली आणि अध्यक्ष म्हणून बापाचं नाव टाकलं. मुद्रितं तपासायला मी शेजारी बसलो होतो. मी हसलो. तो म्हणाला, "छत्रीपेक्षा बरं ना?"

पुढच्या महिन्यात दुरुस्तीची ओळ लिहायची वेळ आली. भाऊनं बापाचं नाव लिहिलं, पुढे लिहिलं 'असे कोणी', आणि पेन खाली ठेवलं. चहा पिऊन आला. पुन्हा बसला. पुन्हा उठला. शेवटी ती जागा त्यानं एका पुलाच्या लांबीनं भरून काढली. वहीतला दुरुस्तीचा रकाना कोरा राहिला.

माणूस एकदा अध्यक्ष झाला की मग त्याला कोण थांबवतं? पलीकडच्या गल्लीनं नाव उचललं. तिथून ते दोन-तीन संकेतस्थळांवर गेलं. एका शिकवणीतल्या सरांनी अहवालात बेचाळीस शिफारशी असल्याचं सांगितलं. कुठून आणल्या, देव जाणे. कोणी त्यातल्या तीन 'महत्त्वाच्या' म्हणून वेगळ्या काढल्या. भाऊ हे सगळं बघायचा आणि म्हणायचा, "विरेल आपोआप." मला तर वाटतं, आतून त्याला बरंही वाटत असावं. बाप चांगलं काम करत होता.

यंदाच्या पूर्व परीक्षेत त्रेसष्टावा प्रश्न आला. 'राष्ट्रीय वजनकाटे फेरतपासणी समितीचे अध्यक्ष कोण?' चार पर्याय. तीन निवृत्त बडे अधिकारी आणि चौथा भाऊचा बाप.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय केलंस?"

"काय करणार? घरी तोंड दाखवायचंय," तो म्हणाला, पण हसला नाही. मीही तोच गोल काळा केला होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या बापावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर? माझा तसाही काही उपयोग नव्हता. माझे इतर गोल भलतीकडेच काळे झाले होते.

मग उत्तरतालिका आली. त्रेसष्ट, उत्तर चार. भाऊनं बेरीज केली, पुन्हा केली, मला करायला दिली. मागच्या वर्षांच्या हिशेबानं तो अगदी रेघेवर उभा होता. हे दोन गुण आहेत तर आत, नाहीत तर बाहेर. आणि बाहेर म्हणजे कायमचा, भिंतीकडे तोंड करून, दोनशे बारा चिठ्ठ्यांसह.

"देवानं दिलं," मी म्हणालो.

"देवानं नाही रे," भाऊ म्हणाला. "मी दिलं. मलाच."

हरकती घ्यायला सात दिवस होते. तिसऱ्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. अभ्यासिकेत खालच्या मजल्यावर बसणारी राजपत्रताई. ती पुस्तिका वाचत नाही. ग्रंथालयात जाऊन थेट शासनाचं राजपत्र वाचते, आणि म्हणून तिला आम्ही जरा वेडी समजायचो.

"भाऊ, आहात का?"

"या. दार लावू नका, अडकतं."

ती उभ्यानंच बोलली. "त्रेसष्टावा प्रश्न. ही समिती मला राजपत्रात सापडत नाही. मंत्रालयाच्या पत्रकांत नाही. दोन वर्षांचं सगळं चाळलं. तुमच्या पुस्तिकेत मात्र आहे. तुम्ही कुठून घेतलं?"

भाऊनं टाचण्यांची डबी उचलली. ती उघडून बघितली. टाचण्या होत्या.

"तुम्ही काय लिहिलं?" मी मध्ये तोंड घातलं.

"सोडून दिला. जे कधी वाचलंच नाही ते कशाला ठोकू? आता माझं घोडं तिथंच अडलंय. प्रश्न रद्द झाला तर रेघ थोडी खाली येते आणि मी आत जाते." मग भाऊकडे वळून म्हणाली, "हरकतीच्या अर्जात संदर्भ मागतात. ग्रंथाचं नाव, पान क्रमांक. तुम्हीच सांगा, जे नाहीच त्याचा पान क्रमांक काय लिहू?"

"उद्या सांगतो," भाऊ म्हणाला.

"चार दिवस आहेत. उद्या धरून." ती गेली.

मी लगेच म्हणालो, "गप्प बस. ऐक माझं. आयुष्यात पहिल्यांदा देशानं तुझं काहीतरी मान्य केलंय. ती हुशार आहे, तिला अजून दोन वेळा आहेत. तुला?"

भाऊ खिडकी उघडून भिंतीकडे बघत बसला. तेवढ्यात फोन वाजला. फोनमधला बाबांचा आवाज मला खाटेवर ऐकू येत होता. मालधक्क्यावर आयुष्य गेलेला माणूस हळू बोलत नाही.

"अरे, शेजारच्या मुलीनं दाखवलं. तुझ्या परीक्षेत माझं नाव आलंय म्हणे."

"हो बाबा."

"मी कुठल्या समितीत होतो?"

"कुठल्याच नाही. मी टाकलं होतं. पुस्तिकेत. एक जागा भरायची होती."

"मग माझंच नाव सापडलं?"

"तुम्ही त्याच आठवड्यात निवृत्त झाला होतात. मला येता आलं नव्हतं."

"बरं. आता खोड."

"खोडलं तर माझे दोन गुण जातात, बाबा. शेवटची वेळ आहे."

"तुझ्या मामाची जादा भरलेली गाडी आली होती एकदा काट्यावर. आठवतं?"

"आठवतं. मामा अजून बोलत नाही तुमच्याशी."

"नाही बोलत," बाबा म्हणाले. "शांतता आहे घरात. खोड."

दुसऱ्या दिवशी भाऊ दुकानात गेला आणि खुणांची वही मागितली. मालक म्हणाले, "वेडा आहेस का? वही बाहेर गेली की माझी अब्रू गेली. नेऊ नकोस." भाऊ म्हणाला, "बरं," आणि वही घेऊन वर आला. त्या पानाची प्रत काढली. खूण क्रमांक अठ्ठ्याऐंशी, नाव, पद, तारीख, आणि दुरुस्तीचा कोरा रकाना. सोबत स्वतःच्या सहीचं पत्र जोडलं. ही समिती अस्तित्वात नाही, ही नोंद मी रचली आहे, हे माझे वडील आहेत. हरकत आपल्याच नावानं पाठवली.

संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन त्यानं राजपत्रताईला ते पान दाखवलं. तिनं नाव वाचलं, मग त्याच्याकडे बघितलं.

"आडनाव तुमचंच आहे."

"वडील."

"आणि तुम्ही उत्तर काय लिहिलंत?"

"बरोबर लिहिलं."

"म्हणजे रद्द झाला तर तुमचे दोन जाणार."

"जातील."

"मग तुम्हीच का हरकत घेतलीत?"

"बाबांनी सांगितलं," भाऊ म्हणाला. चाळिशीकडे झुकलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य इतकं केविलवाणं वाटलं की ती हसलीच. मग म्हणाली, "थँक्यू हं." तीन आठवडे दोघं एकमेकांना जिन्यात भेटले की मान हलवायचे. भाऊ हलका झाला होता. एक दिवस तर त्यानं जेवताना गुणगुणलंही. मी म्हटलं, सुटला बाबा हा.

अंतिम उत्तरतालिका आली. आयोगाचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'सादर केलेली हस्तलिखित वही हा अधिकृत संदर्भ मानता येत नाही. हरकत अमान्य.' आणि खाली, आयोगानं ग्राह्य धरलेला संदर्भ म्हणून, आमच्या पुस्तिकेचं नाव. पान सत्तेचाळीस.

भाऊनं ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग मला म्हणाला, "मी काय सांगतोय त्यापेक्षा मी काय सांगितलं होतं ते जास्त खरं आहे."

खाली मालक आनंदानं वेडे झाले होते. वही पळवल्याबद्दल काढून टाकतील म्हणून भाऊ गेला, तो मुख्य संपादक होऊन परत आला. पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'आयोगाने संदर्भ म्हणून स्वीकारलेली' असं छापायचं ठरलं होतं. भाऊनं दुरुस्ती छापू या म्हटलं, तर मालकांनी हात जोडले. "आयोग म्हणतो बरोबर आहे. आता चूक कोण? तू."

निकाल लागला. भाऊ बरोबर रेघेवर, म्हणजे आत. राजपत्रताई एका गुणानं बाहेर. ती वर आली, दारातच थांबली.

"तुमची पुस्तिका द्या एक," ती म्हणाली. "मागचे अंकही असले तर द्या. राजपत्र बंद केलं मी."

भाऊनं दिले. ती जिना उतरून गेल्यावर त्यानं दार आतून लावून घेतलं. अडकेल म्हणून मी ओरडेपर्यंत ते अडकलंही होतं. त्या दिवशी चप्पल आपटायला तो कितीतरी वेळ उठला नाही.

मुख्य परीक्षेआधी कागदपत्रांची तपासणी असते. मूळ दाखले घरी होते, म्हणून बाबाच ते घेऊन सकाळी हजर झाले. इस्त्रीचा सदरा, कापडी पिशवी, आणि आकाशात ढगाचा ठिपका नसताना हातात ती निरोपाची छत्री. मीही फाईल धरायला गेलो. माझ्या फाईलचं तसं काही काम उरलं नव्हतं.

तिसऱ्या टेबलावर माझ्याच वयाचा एक कारकून होता. टपालाची पाकिटं तोलायचा छोटा काटा त्याच्या कोपराशी. त्यानं अर्ज वाचायला घेतला. उमेदवाराचं नाव. जन्मतारीख. वडिलांचं नाव वाचून तो थांबला.

"हे... वजनकाटे समितीचे?"

"नाही साहेब," भाऊ म्हणाला. "असे कोणी—"

आणि तिथंच त्याची जीभ अडली. तेच वाक्य, आणि तेच नाव शेजारी सदऱ्याची बटणं लावून उभं.

बाबांनीच तोंड उघडलं. "मी काट्यावर होतो साहेब. एकतीस वर्षं. वजनं करायचो."

कारकून ताडकन उभा राहिला. "तेच म्हणतो मी! सर, बसा ना. खुर्ची आणा रे! तरी मी म्हणायचो, या माणसानं प्रत्यक्ष काम केलेलं असणार."

"अहो, मी मालधक्क्यावर कारकून होतो."

"मोठी माणसं अशीच बोलतात," कारकून शेजारच्या टेबलाला म्हणाला. "सर, मी तीनदा परीक्षा दिली. झालो नाही. पण तुमचं सगळं पाठ होतं मला. बेचाळीस शिफारशी ना?"

बाबांनी भाऊकडे बघितलं. "बेचाळीस?"

"एकही नाही, बाबा," भाऊ म्हणाला. मग कारकुनाकडे वळून, मोठ्यानं, "साहेब, ही समितीच नाही. मी तसं आयोगाला लेखी कळवलंय."

कारकून मनापासून हसला. "पिकतं तिथं विकत नाही, ते असं. पोराला बापाची किंमत नसते सर, घरोघरी हेच."

बाबा खुर्चीत अवघडून बसले. त्यांची नजर त्या पाकिटांच्या काट्यावर गेली. काटा शून्याच्या किंचित पुढे होता. त्यांनी हात पुढे केला, खालचा स्क्रू अर्धा फिरवला, काटा शून्यावर आणला आणि हात परत मांडीवर ठेवला.

कारकुनानं शेजारच्या टेबलाकडे बघून भुवया उडवल्या, आणि आमच्या सगळ्या कागदांवर, एकही दाखला न उलटता, भराभर शिक्के मारले.

जिना उतरताना बाबांनी आपल्या मानानं हळू आवाजात विचारलं, "अरे, या लोकांना सांगणार कोण?"

"मी सांगितलं, बाबा. तुमच्यासमोर."

"मग आता?"

भाऊ पायरीकडे बघत उतरत होता. "आता मुख्य परीक्षा," तो म्हणाला.

"आणि ती तू सांगितलेली, राजपत्र वाचणारी मुलगी?"

तेवढ्यात वरून, कठड्यावर ओणवून, त्या कारकुनानं सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अध्यक्षसाहेब! छत्री राहिली!"

जिन्यातली झाडून सगळी माणसं थांबून बघायला लागली. बाबा क्षणभर तसेच पाठमोरे उभे राहिले. पण छत्री त्यांचीच होती. वळावंच लागलं.